जांभ्यात छत्री उभी करताना

माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक आधी कापड दाखवतं. मोबाइल पुढे करून विचारतं, "हा निळा बघा, नाहीतर हा मोरपंखी. समुद्रासमोर कुठला उठून दिसेल?" मी कापडवाला नाही. माझं रत्नागिरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्रिल, गेट, जिने करता करता गेली दहा-बारा वर्षं मी अंगणातल्या, गच्चीवरच्या मोठ्या छत्र्या उभ्या करून देतो. होमस्टे वाढले तशा छत्र्याही वाढल्या. मी गिऱ्हाइकाला विचारतो, "छत्रीच्या खाली काय आहे?" त्यावर ते माझ्याकडे असं बघतं, जणू मुलगी बघायला जाऊन मी घराच्या जोत्याची चौकशी केली.

"खाली काय असणार? जमीन!"

पण ती जमीन कसली, यावरच सगळं ठरतं. फरशी असेल तर वजनाचा बेस, लाकडी डेक असेल तर खालून प्लेट घेऊन आरपार बोल्ट, माती असेल तर काँक्रीटमध्ये गाडलेला पाइप. टेबलाच्या भोकातून जाणारी सात फुटी छत्री पंचवीस किलोंवर भागते, कारण टेबलही तिला धरतं. नऊ-दहा फुटी छत्री मोकळी उभी करायची तर पन्नास किलोंच्या खाली मी हात लावत नाही. बाजूच्या खांबावरून लटकणारी असेल तर शंभराच्या वर वजन लागतं. हे आकडे ऐकले की गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो. मोरपंखी रंगाला इतकं ओझं लागेल असं त्याला वाटलेलं नसतं.

मांडवीला एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांनी गच्चीवर प्लास्टिकचा पोकळ बेस ठेवला होता, पाणी भरायचा. मला बोलावून म्हणाले, "अहो, ही छत्री रोज संध्याकाळी शेजाऱ्यांच्या बाजूला सरकते. तिला तिकडे दिसतं तरी काय?" गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी उतार दिलेला होता, आणि बेसमधलं पाणी मे महिन्यात अर्धं उडून गेलं होतं. मी सांगितलं, वाळू भरा. गुरुजींनी समुद्रावरची ओली वाळू आणून भरली. एका पावसाळ्यात त्या खाऱ्या वाळूनं आतला पाइप असा खाल्ला की छत्री काढताना तो माझ्या हातात पापडासारखा आला. वाळू नदीची आणि कोरडी हवी, हे सांगायचं मी विसरलो होतो. ती माझी चूक. दुसरा पाइप मी स्वतःहून घालून दिला.

किनाऱ्यावरच्या एका सरबतवाल्यानं तर जात्याची वरची तळी वापरली. मधे भोक, वजन बऱ्यापैकी, छत्री छान उभी राहिली. मी मनातल्या मनात त्याचं कौतुकही केलं. मग घरात भावाचं लग्न निघालं, हळद दळायला आईनं ती तळी घरी नेली, आणि लग्नाच्या आठवड्यात छत्री सरबताच्या बाटल्यांवर आडवी झाली.

अशा गोष्टी मी हसून सांगतो. पण या धंद्यातलं खरं शहाणपण मला एका तांडेलाकडून मिळालं. जयगडला त्याची मासेमारीची बोट होती आणि घरासमोर छत्री लावायची होती. माझा बेस बघून तो म्हणाला, "ही छत्री नाय ओ, शीड हाय. तुमी डोलकाठी उभी करताय, नि खाली बोटच नाय." तेव्हा मी हसलो होतो. त्याचं म्हणणं नीट कळलं तेव्हा एका बाईचं काम माझ्यामुळे गेलेलं होतं. तेच आज लिहायचं आहे.

सहा वर्षांपूर्वी जयगडच्या रस्त्याला, कातळाच्या कडेवर असलेल्या एका होमस्टेचं काम मला मिळालं. मालक नंदूशेठ माणूस हौशी, पण बोलायला फटकळ. अंगणात जांभ्याचे चिरे बसवलेले, लालभडक, समोर उघडा समुद्र. शेठ म्हणाले, "मला ते ओबडधोबड बेस नकोत. छत्री फरशीतून उगवल्यासारखी दिसली पाहिजे." म्हणजे छत्रीच्या पाइपाखाली प्लेट, आणि प्लेट चार फास्टनरनी चिऱ्यांत पक्की.

तिथे स्वयंपाक आणि देखभाल रजनीताई करायच्या. जवळच्याच बौद्धवाडीतल्या, नवरा मुंबईत नोकरीला. पहिल्या दिवशी "जयभीम भाऊ" म्हणून त्यांनी चहा दिला. मीही बौद्धवाडीतलाच, संगमेश्वरकडचा. गावांची नावं काढता काढता त्यांच्या मावशीचं सासर आमच्या शेजारच्या वाडीत निघालं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या चहात आलं वाढलं.

फास्टनर म्हणजे भोकात घालून आवळला की फुगणारा बोल्ट. तो काँक्रीटमध्ये फुगला की काँक्रीट त्याला दाबून धरतं. जांभा धरत नाही. चिरा दिसायला दगड, पण आतून मधाच्या पोळ्यासारखा. बोल्ट फुगला की आतल्या भिंती चुरतात. पहिल्या दिवशी सगळं घट्ट लागतं. मग छत्री रोज वाऱ्यावर थोडी थोडी डुलते आणि भोक आतून रुंदावत जातं.

हे मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तिसऱ्या छत्रीचा एक बोल्ट आवळताना पाना अचानक हलका झाला आणि अर्धा फेरा फुकट फिरला. तो अर्धा फेरा अजून माझ्या मनगटात आहे. मी बोल्ट काढला, भोकात पत्र्याची पट्टी सारली, पुन्हा आवळला. शेठनी छत्री हलवून बघितली आणि म्हणाले, "वा!"

मार्च महिन्यातल्या एका दुपारी ती छत्री प्लेटसकट उपटली. अंगणभर फरफटत गेली आणि एका पाहुण्या बाईंचं मनगट मोडलं. मी पोहोचलो तेव्हा बाईंना दवाखान्यात नेलं होतं आणि शेठ सगळ्या पाहुण्यांसमोर रजनीताईंवर ओरडत होते. "वारा सुटल्यावर छत्री मिटायची एवढं एक काम! तेवढंही होत नाही?"

"शेठ, मिटली होती मी. बांधली पण होती," रजनीताई सांगत होत्या. "पट्टा बघा ना, तुटलाय. उघडी असती तर पट्टा तुटला असता काय?"

"जुना झाला असेल पट्टा." शेठ माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा, तुम्ही जाणकार. बंद छत्री अशी पडेल?"

मी पट्टा पाहिला होता. शिवण ताजी उसवलेली होती, म्हणजे छत्री बांधलेलीच होती. प्लेटही पाहिली होती. चारही बोल्टांना लाल भुकटी चिकटलेली होती. मी म्हणालो, "बंद छत्रीला वारा लागत नाही."

रजनीताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं काम सुटलं. मी त्याच दुपारी घमेल्यात सिमेंट कालवलं आणि ती चार भोकं बुजवली. शेठना म्हणालो, इथे आता वजनाचे बेस ठेवू, दिसायलाही बरे. बाकीच्या तीन छत्र्यांच्या प्लेटाही मी काढून घेतल्या. मला भीती कसली होती? या किनाऱ्यावरचे सगळे होमस्टेवाले एकमेकांना ओळखतात. एकानं नाव खराब केलं की दहा दारं बंद. रजनीताईंचं एकच दार होतं, याचा विचार माझ्या मनात तेव्हा आला नाही. खरं सांगायचं तर आला, आणि मी तो बाजूला सारला.

त्यानंतर मी जांभ्यात एकही बोल्ट मारला नाही. गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी नाही म्हटलं. लोक म्हणायला लागले, "हा माणूस परवडणार नाही, पण खोटं काम करणार नाही." माझं नाव या एका गोष्टीवर झालं. कुणी अशी तारीफ केली की मी पान्याचा डबा उघडून काहीतरी शोधत बसायचो.

यंदा फेब्रुवारीत फोन आला. "जयभीम भाऊ, रजनी बोलतेय. वळखलंत?"

मी म्हणालो, "ओळखलं."

"माझं जेवणघर काढतेय. रस्त्याला लागून आमचा कातळ हाय ना, तिथं. झाड नाय, सावली नाय. तीन छत्र्या पायजेत. येताव?"

मी गेलो. वाटेत काय बोलायचं ते घोकत गेलो. लालसर काळा उघडा कातळ, एका बाजूला नवी चूल, पत्र्याची पडवी, पलीकडे उतरत गेलेली आंब्याची कलमं आणि थेट समुद्रावरून येणारा वारा. मी मापाची टेप उघडली, बंद केली आणि घोकलेलं सगळं विसरून म्हणालो, "रजनीताई, ती छत्री तुम्ही मिटली होती. माझे बोल्ट सुटले. मला तेव्हाच कळलं होतं."

त्या चुलीला माती लावत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "म्हाईत हाय मला."

"कसं?"

"भोकात सिमेंट भरलात, त्याला पाणी कुणी आणून दिलं? मीच ना? बालदी घेऊन उभी होते तुमच्या डोक्याशी. बघत होते, भाऊ आता तरी बोलतात काय."

मला ती बादली आठवतच नव्हती. इतकी वर्षं मी तो प्रसंग रोज उगाळला होता आणि त्यातून नेमकी तीच पुसून टाकली होती. मी कातळावर खालीच बसलो. माफी मागितली. त्यांनी ती घेतलीही नाही, परतही केली नाही.

"मला सांगून काय उपेग? मी सोडून सगळ्यांना वाटतं रजनी कामात हलगर्जी. वाडीतल्या बायका अजून टोमणे मारतात, छत्री मिटलीस काय गो म्हणून. ज्यानी विचारलान त्याला सांगा. उद्घाटनाला शेठना बोलावलंय मी. येणारेत." मग हात धुऊन म्हणाल्या, "आता छत्रीचं बोला. कशावर उभी करणार?"

मी म्हणालो, वजनाचे बेस. त्यांनी मान हलवली. वाऱ्याच्या त्या मुखाशी मलाही खात्री नव्हतीच. "चला," म्हणाल्या, आणि मला वाडीत विहारासमोर घेऊन गेल्या. तिथे निळ्या झेंड्याचा वीस फुटी लोखंडी पाइप कातळात उभा होता. "हा माझ्या आबांनी लावलाय. मी शाळेत होते तेव्हा. वादळं आली, कवलं उडाली, हा हलला नाय. जयंतीच्या आदी उपसून नवा रंग देतात, परत घालतात. सिमेंट बघा किती हाय, मूठभर."

आमच्या वाडीतही झेंडा आहे, पण आमच्याकडे माती. कातळावर खांब रोवणाऱ्यांची रीत मला ठाऊक नव्हती. रजनीताईंनी हातांनी आकार करून दाखवला: मडक्यासारखा. तोंड अरुंद, पोट मोठं. कातळाचा वरचा थर उन्हापावसानं टणक झालेला असतो, त्याच्या खाली जांभा मऊ. आबांनी पहारीनं वरचं तोंड जपून लहान ठेवलं आणि आत पोट कोरलं. मग रुंद पाइपचा एक तुकडा उभा करून भोवती सिमेंट आणि चिऱ्याचे तुकडे ठासले. आत घट्ट झालेला तो गोळा त्या अरुंद तोंडातून वर येऊच शकत नाही. झेंड्याचा पाइप त्या तुकड्यात नुसता बसवायचा आणि काढायचा.

मी तीस वर्षं लोखंडात आहे. त्या पाइपाभोवती चार फेऱ्या मारल्या आणि मनातून त्या आबांना हात जोडले.

कामाला आम्हाला आठवडा लागला. बाहेरचा पाइप मी जस्ताचा मुलामा दिलेला घेतला, त्याला चार बाजूंनी पट्ट्या वेल्ड केल्या, म्हणजे सिमेंटात तो फिरणार नाही. छत्रीचा दांडा आणि बाहेरचा पाइप यांत फट राहिली की डुलणं सुरू होतं, म्हणून आत नायलॉनच्या कड्या बसवल्या. पाणी साठू नये म्हणून तळाशी काय करावं याचा मी विचार करत होतो. रजनीताई म्हणाल्या, "तळाला सिमेंट घालूच नका. खडी टाका. जांभा पितो पाणी." ज्या पोकळपणानं माझे बोल्ट सोडले होते, त्याच पोकळपणानं आता पावसाचं पाणी खाली जाणार होतं.

उद्घाटन एप्रिलमध्ये, दुपारचं. वंदना झाली आणि पंगती बसल्या. तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याचं सांबार, तळलेली सुरमई. वाडीतल्या बायका वाढत होत्या. नंदूशेठ आले, मधल्या छत्रीखाली माझ्या शेजारी बसले, आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे टेबलाखाली वाकून बघितलं.

"बेस कुठं गेला?"

"नाही बेस," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरून हलवला. मग उभं राहून हलवला, परत बसून भाकरी हातात घेतली. "हलत नाही हो! माझ्याकडे का नाही केलंत असं?"

यापेक्षा सोपी वेळ मला मिळणार नव्हती. मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "शेठ, तुमच्याकडची ती छत्री रजनीताईंनी मिटली होती. बांधलीही होती. पडली ती माझ्या चुकीनं. बोल्ट जांभ्यात धरले नव्हते, आणि ते मला लावतानाच कळलं होतं."

वाढणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या.

"मी तुम्हाला विचारलं होतं," शेठ म्हणाले. "तुम्ही म्हणालात, बंद छत्रीला वारा लागत नाही."

"ते खोटं बोललो."

"का?"

"काम जाईल म्हणून."

शेठचा चेहरा लाल झाला. हातातली भाकरी त्यांनी ताटात टाकली. "सहा वर्षं! आणि आज माझ्या शेजारी बसून जेवताय? उठा, उठा तुम्ही इथून."

"ते नाय उठणार," रजनीताई म्हणाल्या. सांबाराचं भांडं त्यांनी कमरेवर घेतलं होतं. "माझे पाहुणे हायत. तुमी पण हायत. पण शेठ, ओरडलात ते सगळ्यांसमोर. आता काय सांगायचं असलं तर ते पण सगळ्यांसमोर सांगा. नाय तर जेवा गप."

कुणीतरी खुदकन हसलं. शेठनी हात पुसले. मग उभे राहिले. फटकळ माणूस, पण लबाड नव्हे. "रजनी, तू सांगत होतीस, पट्टा दाखवत होतीस. मी ऐकलं नाही. छत्री तू बांधली होतीस. चूक माझी."

"ऐकलंव काय गो सगळ्यांनी?" रजनीताईंनी बायकांकडे वळून विचारलं.

"ऐकलंव!" मागून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला, आणि अख्ख्या कातळावर हशा पसरला.

आणि वारा सुटला. दुपारचा वारा सांगून येत नाही. कागदी ग्लास उडाले, एका टेबलाचं कापड थेट कलमांत गेलं, पाहुणे ताटं घेऊन पडवीत पळाले. तिन्ही छत्र्या फुगल्या, काड्या करकरल्या, आणि दांडे तसूभर हलले नाहीत. असा वारा आला की छत्री मिटायची, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. मी ओरडलो, "ताई, मिटा आता!"

"मिटते ओ! डोळे भरून बघू दे तरी!"

भर वाऱ्यात, पदर कमरेला खोचून, त्या मधोमध उभ्या राहून एकेका छत्रीकडे बघत होत्या. मग सावकाश तिन्ही मिटल्या. मी आयुष्यात इतकी कामं केली, त्यांतलं कुठलंही त्या दहा-पंधरा श्वासांएवढं मला सुखाचं झालेलं नाही.

सगळं निस्तरलं असं मात्र म्हणता येत नाही. ज्यांचं मनगट मोडलं त्या बाईंचा नंबर मी शेठकडून घेतला आणि फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि ठेवला. त्या "बरं"चं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.

शेठचा फोन आठवड्यानं आला. आवाज तुटक होता. "ते वजनाचे बेस उचला. कातळात करा, तिच्याकडे केलेत तसे." मी म्हणालो, जागा आणि खड्डे रजनीताईंना दाखवायला लागतील. शेठनी त्यांना विचारलं. "कामाला नाय येणार," त्या म्हणाल्या, "बघायला येईन."

आल्या त्या इस्त्रीची साडी नेसून. पाहुण्यांची वेताची खुर्ची त्यांनी अंगणाच्या मधोमध ओढून घेतली. शेठ स्वतः चहाचा कप घेऊन आले आणि मला म्हणाले, "तुमचा आत आहे, घ्या जाऊन." मी चार ठिकाणचे चिरे उचलले, खालचा कातळ मोकळा केला आणि पहिल्या खड्ड्याला लागलो. तासाभरानं पोट कोरून झालं असं वाटलं. घाम पुसत म्हणालो, "बास ना, ताई?"

रजनीताईंनी कप खाली ठेवला, बांगड्या मागे सारल्या आणि गुडघ्यावर बसून खांद्यापर्यंत हात खड्ड्यात घातला. आत चारी बाजूंनी चाचपून पाहिलं. शेठ वाकून बघत होते, मीही.

"अजून चार बोटं," त्या म्हणाल्या.

मी पहार उचलली.